जिन्यातल्या दिव्याचं बटण बदलताना

खोलीतल्या साध्या दिव्याच्या बटणाकडे नुसतं पाहिलं तरी दिव्याची स्थिती कळते. आपल्याकडच्या पद्धतीनुसार बटण खालच्या बाजूला दाबलेलं असलं की दिवा चालू, वरच्या बाजूला असलं की बंद. वीज गेलेली असो वा बल्ब उडालेला असो, दिव्याकडे जाणारी वाट जोडलेली आहे की तोडलेली, एवढं बटणावरून सांगता येतं. जिन्याच्या पायथ्याशी आणि माथ्याशी बसवलेल्या दोन बटणांचं तसं नसतं. खालचं बटण आज 'खाली' असताना दिवा लागलेला असेल, तर उद्या तेच बटण त्याच स्थितीत असताना दिवा बंद असू शकतो, कारण मधल्या काळात कुणीतरी वरचं बटण दाबलेलं असतं. दोन्हींची स्थिती एकत्र पाहिली तरच उत्तर मिळतं. रो-हाउसचा जिना, लांब व्हरांडा, दोन दारांची खोली, दाराशी एक आणि उशाशी एक बटण असलेली बेडरूम, सगळीकडे हीच रचना असते. माझं म्हणणं असं आहे की या रचनेतलं बटण बदलताना जे काही बिघडतं, ते बहुतेक या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे बिघडतं. बटण एक सुटी वस्तू समजून काढलं जातं आणि तशीच दुसरी वस्तू तिथे बसवली जाते. वायरींची एकमेकींशी असलेली नाती मात्र कुणी तपासत नाही.

आधी रचना नीट समजून घेऊ. साध्या बटणाला मागे दोन टर्मिनल असतात, टू-वे बटणाला तीन. या तिघांपैकी एक 'कॉमन'. बटणाच्या आतली हलणारी पट्टी कॉमनला कायमची जोडलेली असते आणि बटण दाबलं की ती उरलेल्या दोन टर्मिनलांपैकी एकाला सोडून दुसऱ्याला चिकटते. म्हणजे टू-वे बटण वाट कधीच नुसती तोडत नाही. ते वाट बदलतं. खालच्या बटणाच्या कॉमनला फेज येते. त्याच्या उरलेल्या दोन टर्मिनलांपासून दोन वायरी निघतात आणि वरच्या बटणाच्या तशाच दोन टर्मिनलांना जाऊन मिळतात. त्यांना आपण मधल्या वायरी म्हणू. वरच्या बटणाच्या कॉमनपासून निघालेली वायर दिव्याच्या होल्डरला जाते आणि होल्डरच्या दुसऱ्या टोकाला न्यूट्रल. आता खालच्या बटणाने पहिली मधली वायर निवडली आणि वरच्यानेही पहिलीच निवडली, तर वाट पूर्ण होते. दोघांनी दुसरी निवडली तरी पूर्ण होते. एकाने पहिली आणि एकाने दुसरी निवडली की वाट तुटते. दोन बटणांच्या चार जुळण्या होतात; त्यांतल्या दोनमध्ये दिवा लागतो, दोनमध्ये बंद राहतो, आणि चारांपैकी कोणत्याही जुळणीत असताना कोणतंही एक बटण दाबलं तरी दिव्याची स्थिती बदलते. तिसरं ठिकाण हवं असेल, उदाहरणार्थ तीन मजल्यांच्या जिन्यात मधल्या मजल्यावर, तर मधल्या दोन वायरींच्या वाटेत चार टर्मिनलांचं इंटरमीडिएट बटण बसवतात. एका स्थितीत ते दोन्ही वायरी सरळ पुढे जाऊ देतं, दुसऱ्या स्थितीत त्यांची अदलाबदल करतं. अशी कितीही इंटरमीडिएट बटणं मध्ये घालता येतात. टू-वे मात्र दोन टोकांना दोनच.

या साध्या जोडणीत बरंच तर्कशास्त्र दडलेलं आहे. १८५४ मध्ये जॉर्ज बूल यांनी विचारांच्या नियमांचं बीजगणित मांडलं, आणि १९३७ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत क्लॉड शॅनन या तरुण विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिलं की तेच बीजगणित बटणांच्या आणि रिलेंच्या जोडण्यांना जसंच्या तसं लागू पडतं. एकापाठोपाठ एक जोडलेली दोन साधी बटणं म्हणजे 'हेही आणि तेही'. शेजारी शेजारी जोडलेली दोन बटणं म्हणजे 'हे किंवा ते'. जिन्यातली जोडणी या दोन्हींहून वेगळी आहे. तिथला प्रश्न 'दोघांचं जुळतंय का' असा असतो. दोन आकड्यांची बेरीज करताना संगणक एकेका ठिकाणी हाच प्रश्न विचारतो. बटणं दोन असोत वा दहा, एकूण किती वेळा दाबली गेली ती संख्या सम की विषम, यावर दिवा लागतो किंवा विझतो. आपल्याला याचा उपयोग असा की अशा परिपथात बिघाड झाला तर तो कुठल्या जुळणीत दिसतो आणि कुठल्या जुळणीत दिसत नाही, हे आधी पाहायला हवं. 'बटण चालत नाही' एवढ्या तक्रारीवरून इथे काहीही ठरवता येत नाही.

बटणं खराब का होतात हे फार गूढ नाही. ६ अँपिअरचं बटण २३० व्होल्टवर १३८० वॉटपर्यंतचा भार पेलायला बनवलेलं असतं आणि ९ वॉटचा एलईडी दिवा जेमतेम ४० मिलिअँपिअर घेतो, तेव्हा भार जास्त झाल्यामुळे जिन्यातलं बटण जळणं विरळाच. प्रत्येक दाबण्यासरशी संपर्कबिंदूंमध्ये बारीक ठिणगी उडते, तिथे काजळी धरते, स्प्रिंग ढिली पडते. कोकणात आणि गोव्यात समुद्राची खारी हवा पितळावर हिरवट थर चढवते. पावसाळ्यात ओल्या भिंतीतला बोर्ड दमट राहतो. मुंग्या आणि पाली आत घर करतात. आणखी एक कारण म्हणजे ढिला स्क्रू. नीट न आवळलेली वायर तापते, प्लास्टिक पिवळं आणि मग तपकिरी पडतं, आणि लोक म्हणतात बटण जळलं; खरा दोष मात्र जोडणाऱ्या हाताचा असतो. टू-वे बटणात आणखी एक गोष्ट घडते: त्याचे संपर्क दोन असतात आणि त्यांतला एकच खराब होऊ शकतो. मग चारांपैकी एका जुळणीत दिवा लागतो, आणि ज्या दुसऱ्या जुळणीत लागायला हवा तिथे लागत नाही. घरातल्या माणसांना एवढंच जाणवतं की वरचं बटण कधी चालतं, कधी चालत नाही. वरचं बटण बदललं जातं, आणि तक्रार तशीच राहते. याचं कारण उघड आहे. त्या जुळणीची वाट खालच्या बटणाचा एक संपर्क, एक मधली वायर आणि वरच्या बटणाचा एक संपर्क अशा तीन जागांतून जाते. तिन्हींपैकी कुठेही खंड पडला तरी लक्षण हेच. ज्या बटणावर बोट ठेवल्यावर दिवा लागला नाही, तेच दोषी, असं मानायला काहीही आधार नसतो. वीज बंद करून दोन्ही बटणांत कॉमनपासून प्रत्येक टर्मिनलपर्यंत वाट मिळते का, हे मल्टिमीटरच्या बझरवर पाहिलं की दोन मिनिटांत खरा दोषी सापडतो.

आता चुकीच्या बदलाचं काय होतं ते पाहू, कारण माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा तिथे आहे. टू-वे बटणाला तीन वायरी येतात. त्यांतल्या दोन मधल्या वायरींची आपसात अदलाबदल झाली तर काय होईल? काहीही नाही. पूर्वी ज्या स्थितीत दिवा लागायचा त्या स्थितीत आता विझेल, पण दोन्ही बटणं पूर्वीइतकीच नीट चालतील. म्हणजे मधल्या दोघींपैकी कुठली कुठे याला महत्त्व नाही. पण कॉमनची वायर आणि एखादी मधली वायर यांची अदलाबदल झाली की सगळं बदलतं. समजा, वरच्या बटणाच्या कॉमनला चुकून पहिली मधली वायर लावली आणि दिव्याकडे जाणारी वायर तिच्या जागी गेली. बटणाच्या एका स्थितीत पहिली मधली वायर दिव्याशी जोडली जाते. तेव्हा खालच्या बटणाने ती वायर निवडली असेल तर दिवा लागतो. दुसऱ्या स्थितीत मात्र दोन्ही मधल्या वायरी एकमेकींना जोडल्या जातात आणि दिव्याची वायर एकटी पडते. मग खालून कितीही वेळा बटण दाबा, दिवा लागत नाही. चारांपैकी एकाच जुळणीत दिवा लागतो. 'जुळतंय का' या प्रश्नाचा 'हेही आणि तेही' झाला. वरचं बटण एका बाजूला असेल तरच खालचं चालतं, ही घरोघरी ऐकू येणारी तक्रार बहुतेक वेळा याच चुकीतून जन्मते. आणि जरा मागे जाऊन पाहिलं तर दिसेल की एक संपर्क खराब झाल्यावर मिळणारा तक्ताही हाच आहे: चारांपैकी एक. बाहेरून पाहून जुना बिघाड आणि नवी चूक यांत फरक करताच येत नाही. म्हणूनच नवं बटण बसवल्यावर दिवा पूर्वीसारखाच अर्धवट चालला की दुकानदाराला दोष दिला जातो, दुसरं बटण आणलं जातं, आणि चुकीच्या जागी बसलेली कॉमनची वायर तिथेच राहते.

इंटरमीडिएट बटणातही हाच प्रकार, फक्त तिथे एका वायरीऐवजी जोडीला महत्त्व असतं. खालून आलेल्या दोन वायरी एका बाजूला आणि वर जाणाऱ्या दोन दुसऱ्या बाजूला राहिल्या पाहिजेत. जोड्यांची सरमिसळ झाली तर बटणाच्या एका स्थितीत सगळं ठीक चालतं आणि दुसऱ्या स्थितीत दोन्ही टोकांहून दिवा मेलेला असतो. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंटरमीडिएट बटणांत चार टर्मिनलांची मांडणी सारखी नसते: कुठे जोडी वर-खाली, कुठे डावी-उजवीकडे, कुठे तिरपी. पाठीवर छापलेली आकृती पाहावी, आणि ती नसेल तर बझर लावून दोन्ही स्थितींत कोण कोणाला जोडलं जातं ते कागदावर उतरवून घ्यावं.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. एवढा विचार कशाला, मोबाइलवर फोटो काढावा आणि ज्या जागची वायर त्या जागी लावावी. फोटो काढावाच, त्याबद्दल वाद नाही. पण फोटो जागा दाखवतो, भूमिका दाखवत नाही. जुन्या काळ्या बॅकेलाइटच्या बटणात कॉमन एका बाजूला एकटा असेल आणि नव्या मॉड्युलर बटणात तो तिघांच्या मध्ये असेल, तर फोटोबरहुकूम केलेली जोडणी हमखास चुकते. आणि मूळ जोडणीच चुकलेली असेल तर फोटो ती चूक इमानाने पुढे नेतो. दुसरा आक्षेप रंगांचा: लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग हे तर सगळ्यांना माहीत असतं. साध्या परिपथात हा नियम उपयोगी पडतो. टू-वेच्या बोर्डात मात्र तिन्ही वायरी फेजच्याच कुळातल्या असतात. काळजी घेणाऱ्या वायरमनने तिन्ही लाल टाकल्या असतील तर रंगावरून काही कळणार नाही, आणि काळजी न घेणाऱ्याने उरलेल्या गुंडाळ्यांतून एक लाल, एक काळी, एक हिरवी अशी ओढली असेल तर जे कळेल ते खोटं असेल. त्या काळ्या वायरीला न्यूट्रल समजून हात लावणं जिवावर बेतू शकतं. वायरीची भूमिका फक्त तपासणीनेच ठरते. म्हणून बोर्ड उघडल्यावर, एकही स्क्रू सैल करण्याआधी, जुन्या बटणाच्या कॉमनमध्ये असलेल्या वायरीला रंगीत टेप गुंडाळावी. मूळ जोडणी बरोबर असेल, तर बाकी सगळं विसरलं तरी ही एक खूण राहिली की काम चुकत नाही.

आता सुरक्षिततेकडे येऊ. बटणाची स्थिती दिव्याबद्दल काही सांगत नसेल, तर ती वायरींतल्या विजेबद्दल तर मुळीच सांगत नाही. जिन्यातला दिवा बंद असतानाही खालच्या बटणाच्या कॉमनवर फेज असते आणि दोन मधल्या वायरींपैकी एकीवर, म्हणजे वरच्या बोर्डापर्यंत, पूर्ण २३० व्होल्ट असतात. साध्या बटणाच्या बाबतीत 'दिवा बंद केला आहे' हे वाक्य अर्धवट खरं असतं. इथे ते फसवं आहे. एमसीबी पाडावी, तर कुठली? जिना दोन मजल्यांत विभागलेला असतो आणि वरच्या बोर्डात जिन्याच्या बटणाशेजारी वरच्या मजल्याच्या दुसऱ्या परिपथाची बटणं असतात. त्यामुळे घराचा मेन स्विचच बंद करावा, आणि तो बंद असल्याची चिठ्ठी तिथे लावावी. तेवढंही पुरत नाही. आज घराघरांत इन्व्हर्टर आहे, आणि वीज गेल्यावर सगळ्यात आधी हवा असतो तो जिन्यातला दिवा, म्हणून तो बहुधा इन्व्हर्टरच्या लाइनवर असतो. मेन बंद करताच इन्व्हर्टर वीज गेली असं समजतो आणि क्षणार्धात त्याच वायरींत पुन्हा २३० व्होल्ट सोडतो. मेनही बंद आणि इन्व्हर्टरही बंद, अशी दोन्ही खात्री हवी. छतावर बॅटरीसह सोलर असेल तर त्याचीही.

मग टेस्टर लावून पाहायचं. पेनासारखा निऑन टेस्टर प्रत्येक घरात असतो आणि त्यावर लोकांचा फार भरवसा असतो. टू-वेच्या बोर्डात तो दोन्ही बाजूंनी फसवू शकतो. एका पाइपातून लांबवर शेजारी शेजारी गेलेल्या दोन मधल्या वायरींपैकी एकीत फेज असेल आणि दुसरी कुठेच जोडलेली नसेल, तर त्या मोकळ्या वायरीवरही बारीकसा विद्युतदाब उमटतो. तिथून मिळणारा प्रवाह एक मिलिअँपिअरच्याही खाली असतो, पण टेस्टरचा निऑन उजळायला तेवढा पुरतो. काही एलईडी दिवे बंद असतानाही रात्री मंद चमकतात किंवा मधूनच लुकलुकतात, त्याचं एक कारण हेच आहे. त्या वेळी बटण बदलून काही साधत नाही. उलट बाजूने, कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहून टेस्टर लावला, किंवा दिवसाच्या प्रखर उजेडात निऑनची फिकी चमक दिसलीच नाही, तर फेज असूनही ती नाही असं वाटतं. वायरमन लोक होल्डरला दोन वायरी जोडून टेस्ट लॅम्प वापरतात, त्यामागे शहाणपण आहे: खऱ्या भाराला खरा प्रवाह लागतो, उसन्या दाबावर तो दिवा पेटत नाही. दोन टोकांचा चांगला व्होल्टेज टेस्टर त्याहून बरा. साधन कुठलंही असो, ते आधी चालू प्लगवर तपासावं, मग बोर्डातल्या प्रत्येक टर्मिनलवर लावावं, आणि शेवटी पुन्हा चालू ठिकाणी तपासावं. मेन बंद असताना दुसऱ्या घरचा प्लग जवळ नसेल, तर मेन बंद करण्याआधीची तपासणी तरी चुकवू नये.

जुन्या घरांत एक जोडणी अशी आढळते की जिच्यापुढे वरचं सगळं विवेचन अपुरं पडतं, आणि तिच्याविषयी मला विशेष कळकळीने लिहावंसं वाटतं. मधल्या दोन वायरी ओढण्याची मजुरी आणि तांबं वाचवण्यासाठी खालच्या बटणाला खालच्या बोर्डातूनच फेज आणि न्यूट्रल देतात, वरच्या बटणाला वरच्या बोर्डातून फेज आणि न्यूट्रल, आणि दोन्ही कॉमनमधून एकेक वायर होल्डरच्या दोन टोकांना नेतात. एका टोकाला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल आलं की दिवा लागतो. दोन्हीकडे न्यूट्रल आलं की विझतो. दोन्हीकडे फेज आली तरी विझतो. चारही जुळण्यांत ही जोडणी अचूक वागते, म्हणून तिच्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नाही. पण ज्या जुळणीत दोन्हीकडे फेज आहे, त्यात दिवा बंद असतो आणि होल्डरची दोन्ही टोकं जिवंत असतात. बल्ब बदलायला शिडीवर चढलेला माणूस विझलेल्या दिव्याच्या होल्डरला हात लावतो, तो या भरवशावर की दिवा बंद आहे. १९५६च्या भारतीय वीज नियमांनी न्यूट्रलमध्ये एकटं बटण घालायला मनाई केली ती अशाच कारणांसाठी. घर थ्री-फेज असेल आणि दोन मजले वेगळ्या फेजवर असतील, तर विझायच्या वेळी दिव्यावर दोन फेजमधले सुमारे ४०० व्होल्ट येतात. एका मजल्याची फेज आणि दुसऱ्याचं न्यूट्रल वेगवेगळ्या आरसीसीबीखाली (जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणाऱ्या कळीखाली) असेल तर दिवा लावताच ती पडते, आणि तिला त्रासदायक ठरवून काढून टाकली जाते, म्हणजे एका चुकीवर दुसरी. बटण बदलायला बोर्ड उघडला आणि टू-वे बटणाच्या दोन टर्मिनलांवर एकीकडे फेज आणि दुसरीकडे न्यूट्रल मिळालं, तर नवं बटण तिथे लावूच नये. तिथे वायरिंग बदलायला हवं, आणि ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच आहे.

इथे कुणी म्हणेल की मग सगळंच काम त्याच्याकडे द्यावं, घरच्या माणसाने या भानगडीत पडू नये. हा आक्षेप मी हलका मानत नाही. विजेला हात लावण्याचं धाडस अंगी नसणं ही कमतरता नव्हे. पण कायद्याने इथे विचारपूर्वक रेष आखली आहे. त्याच १९५६च्या नियमांत, आणि पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१०च्या विनियमांतही, वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावं असं म्हणताना दिवे, पंखे, फ्यूज, बटणं यांच्या अशा बदलाला सूट दिली होती, ज्याने मांडणीची क्षमता किंवा तिचं स्वरूप बदलत नाही. टू-वेच्या जागी टू-वे, तिसऱ्या जागी इंटरमीडिएटच, तेवढ्याच अँपिअरचं: हा त्या सवलतीत बसणारा बदल. टू-वेच्या जागी साधं बटण बसवणं, नवी वायर ओढणं, दिव्याचं तिसरं ठिकाण वाढवणं हे त्याबाहेरचं. शिवाय ज्याला स्वतः हात लावायचा नाही त्यालाही हे ज्ञान लागतंच, कारण काम झाल्यावर ते बरोबर झालं की नाही हे त्यालाच पाहायचं असतं. घाईतल्या माणसाने टू-वे संपली म्हणून साधं बटण लावलं, तर समोरून ते अगदी तसंच दिसतं. फरक मागच्या टर्मिनलांत असतो आणि मागची बाजू भिंतीत जाते. घरात आरसीसीबी आहे म्हणून निर्धास्त राहणंही बरोबर नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी शरीरातून जमिनीकडे जाणारा प्रवाह ओळखते. एक हात फेजवर आणि एक न्यूट्रलवर पडला आणि माणूस जमिनीपासून अलग असला तर तिच्या दृष्टीने तो एक साधा भार असतो.

हल्ली आणखी एक प्रश्न विचारला जातो: मोबाइलवर चालणारी स्मार्ट बटणं आल्यावर हे सगळं जुनं झालं नाही का? त्यांतल्या अनेकांना स्वतः चालण्यासाठी सतत न्यूट्रल लागतं, आणि जिन्याच्या टू-वे बोर्डात पुष्कळदा फक्त तीन वायरी आलेल्या असतात, त्यांत न्यूट्रल नसतं. मग बसवणारा हिरवी अर्थिंगची वायर न्यूट्रल म्हणून वापरतो आणि बटण चालू लागतं. आरसीसीबी असेल तर ती पडू शकते आणि चूक उघडी पडते. नसेल, आणि अर्थिंग पुढे कुठे तुटलेलं असेल, तर त्या वायरीला जोडलेल्या फ्रिजच्या, गीझरच्या, वॉशिंग मशीनच्या धातूच्या अंगावर वीज येऊन बसते. अर्थिंगची वायर कोणत्याही कामासाठी उसनी घेता येत नाही, मधली वायर म्हणूनही नाही. स्मार्ट बटण हवंच असेल तर दोन टोकांपैकी ज्या बोर्डात न्यूट्रल आहे तिथे ते बसवायचं, आणि दुसऱ्या टोकाचं बटण त्याच्याशी कसं जोडायचं हे त्याच कंपनीच्या आकृतीवरून ठरवायचं. दोन वेगवेगळ्या घराण्यांची बटणं एकत्र चालतीलच असं नाही.

प्रत्यक्ष बदल करायला वेळ फार लागत नाही. मेन आणि इन्व्हर्टर बंद, तपासणी झालेली, कॉमनच्या वायरीला टेप गुंडाळलेली. नव्या बटणाचा कॉमन पाठीवरच्या खुणेवरून ओळखा आणि बझरने पडताळून पाहा: जो टर्मिनल बटणाच्या दोन्ही स्थितींत कुणाशी ना कुणाशी जोडलेला असतो, तो कॉमन. मग एकेक वायर जुन्यातून काढून लगेच नव्यात लावा. तिन्ही एकदम मोकळ्या करू नका. जुन्या कॉमनमध्ये दोन वायरी एकत्र पिळलेल्या आढळल्या तर दुसरी बहुधा शेजारच्या बटणाकडे फेज नेणारा लूप असतो. ती वायर वेगळी पडली तर दिवा लागेल, पण अर्धा बोर्ड मरेल. वायरीचं टोक काळवंडलेलं असेल तर तेवढं कापून नवं तांबं उघडं करा, टर्मिनलबाहेर उघडं तांबं दिसणार नाही इतकंच सोला, आणि स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून पाहा. बोर्डाची चौकट लोखंडी असेल तर तिला अर्थिंग जोडलेलं आहे ना, हेही आत्ताच पाहून घ्या, कारण प्लेट पुन्हा उघडायचा योग कित्येक वर्षं येत नाही.

प्लेट बसवून वीज सुरू केल्यावर एकदा दिवा लागला म्हणून काम झालं असं समजू नये. चुकीची जोडणीही चारांतून एकदा दिवा लावतेच. दोन बटणांच्या परिपथात खालचं, वरचं, पुन्हा खालचं, पुन्हा वरचं अशी चार वेळा आळीपाळीने दाबली की चारही जुळण्या पार होतात. त्यासाठी जिन्यावर दोन माणसं उभी असली तर चढउतार वाचते. तीन ठिकाणं असतील तर आठ जुळण्या तपासाव्या लागतात, आणि त्या कमीत कमी दाबण्यांत उरकायचा क्रम असा: खालचं, मधलं, खालचं, वरचं, आणि हाच क्रम पुन्हा एकदा. आठही वेळा, प्रत्येक दाबण्यासरशी दिव्याची स्थिती बदललीच पाहिजे. कुठल्याही एका दाबण्याला ती बदलली नाही, तर बाजारात दुसरं बटण आणायला जाण्याआधी मेन पुन्हा बंद करा, नुकतंच बसवलेलं बटण उघडा आणि टेप गुंडाळलेली वायर नेमकी कुठल्या टर्मिनलात गेली आहे ते पाहा. बसवलेलं बटण इंटरमीडिएट असेल तर खालून आलेली जोडी आणि वर जाणारी जोडी बझर लावून पुन्हा वेगळी करा. तिथे सगळं जागच्या जागी निघालं, तरच दुसऱ्या टोकाच्या बटणाकडे वळा.